एका पायडलाची सायकल

"ही परात आता कणकेला चालणार नाही, आत्ताच सांगून ठेवते," आई म्हणाली. "नंतर म्हणाल, पोळीला रॉकेलचा वास येतोय."

परातीत सायकलच्या चाकांतले छर्रे भिजत पडले होते. दादा व्हरांड्यात पोते अंथरून बसले होते आणि एकेक छर्रा चिमटीत धरून उजेडाकडे करून पाहत होते. हाताला कंप असल्यामुळे मधूनच एखादा निसटे आणि टपकन रॉकेलमध्ये पडे. ते तो पुन्हा उचलत. घाई नव्हती, वैतागही नव्हता.

"रॉकेल उडून जातं, अगं. बाष्पनशील असतं."

"आणि वास?"

"वास म्हणजे तोच पदार्थ. पदार्थ गेला की वास गेला."

"मग पहिली पोळी तुम्हीच खा," आई म्हणाली, आणि तेवढ्यात तिचे लक्ष फाटकाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे गेले. "आलीस? बघ, बघ तुझ्या बापाचे उद्योग."

दादांनी मान वर केली. "गाडी वेळेवर होती?"

"तासभर उशीर."

"म्हणजे वेळेवरच," ते म्हणाले आणि पुन्हा छर्ऱ्यांकडे वळले. सण नाही, सुट्टी नाही, तरी मी पुण्याहून परभणीला कशी काय आले, हे त्यांनी विचारले नाही. माझ्या वडिलांना ज्याचे उत्तर ठाऊक असे, तो प्रश्न ते विचारीत नसत.

मला मुकुंदने बोलावले होते. मुकुंद माझा धाकटा भाऊ, आईदादांजवळ राहणारा. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचे औषधांचे दुकान होते. फोनवर तो म्हणाला होता, "ताई, दादांनी माळ्यावरची सायकल खाली काढायला लावली. दुरुस्त करायलेत."

"करू दे की. हाताला काम."

"आणि झाल्यावर? आईला म्हणाले, सायकल झाली की मी वाचनालयात जाणार, माझा मी. पायी दोनदा पडलेत ते, ताई. सायकलवरून पडले तर उचलायला कोण जाणार? मी बोललो तर म्हणतात, सिद्ध कर. तू ये आणि सिद्ध कर. तुझं ऐकतील."

दादा, म्हणजे रंगनाथ सोन्नेकर, निवृत्त होईपर्यंत शाळेत विज्ञान शिकवीत. दोन वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताचे निदान झाले. हाताच्या कंपाशी त्यांनी जुळवून घेतले होते. कप अर्धाच भरायचा, सदऱ्याला गुंड्यांऐवजी नाडी. अडचण पायांची होती. पाऊल उचलायचे ठरवल्यावर ते प्रत्यक्ष उचलले जाईपर्यंत मध्येच कुठेतरी आज्ञा हरवे. दारात, उंबरठ्याशी ते जमिनीत रोवल्यासारखे थांबत आणि मग एकाएकी लहान लहान घाईची पावले टाकत पुढे झुकत. दुसऱ्यांदा पडले तेव्हा मुकुंदने काठी आणली. "लाकूड उत्तम आहे," दादा म्हणाले, आणि त्यांनी ती खुंटीला अडकवून ठेवली. मुकुंद स्कूटरवरून सोडतो म्हणाला, तेव्हा "मी पार्सल आहे का?" असे विचारून त्यांनी तोही विषय संपवला. वाचनालय घरापासून फार लांब नव्हते. रोज संध्याकाळी तिथे जायचे, वर्तमानपत्रातल्या विज्ञानविषयक बातमीतली चूक शोधायची आणि जुने सहकारी काझी सर यांना ती ऐकवायची, हा त्यांचा दिनक्रम दसऱ्यापासून बंद होता.

माझे काम मोजमापाच्या उपकरणांची अचूकता तपासण्याचे. एखादा काटा खरे बोलतो की नाही, हे त्याच्याकडे पाहून ठरत नाही. त्याच्यावर माहीत असलेले वजन ठेवावे लागते. म्हणून आल्या आल्या वाद न घालता मी आठवडाभर दादांबरोबर कामाला बसले. निरीक्षण आधी, निष्कर्ष नंतर. ही पद्धत मला त्यांनीच शिकवली होती.

सायकल जुन्या घडणीची, दांड्याच्या ब्रेकची, काळी आणि विलक्षण जड. दादांचा दंडक असा की नवे काहीही आणायचे नाही. घरात जे आहे त्यात भागवायचे. रिमवरचा गंज आम्ही चिंचेच्या कोळाने काढला. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला चाक धरणाऱ्या चिमट्याला खडूचा तुकडा बांधला. चाक फिरवले की जिथे ते बाहेर येई, तिथे खडूची रेघ उठे आणि त्या बाजूच्या तारा सैल-घट्ट करायच्या. मडगार्डचे भोक आईच्या जुन्या डब्याच्या पत्र्याने बुजवले. आईने त्यावरही भाष्य केले: "संसार लावा सायकलला. मीच तेवढी राहिले आहे, मलाही बसवा कुठेतरी."

"कॅरिअर मजबूत आहे," दादा म्हणाले.

"अहो, मुलगी बसली आहे समोर."

बाजारातून त्यांनी एकच वस्तू मागवली: ब्रेकचे रबर. चारही नवे, आणि जाड.

"नवी सायकलच घेऊ या का, दादा? हलकी मिळते हल्ली," मी विचारून पाहिले.

"हलकी नको. हलक्या वस्तूवर भार टाकता येत नाही."

"तुमचं वजन कितीसं आहे?"

"आहे तेवढं पुरे," ते म्हणाले.

ब्रेक बसवल्यावर त्यांनी सायकल अंगणात उभी केली, डाव्या अंगाला उभे राहून दोन्ही हातांनी हँडल धरले, ब्रेक आवळले आणि अंगाचा सगळा भार हँडलवर टाकला. सायकल हलली नाही. त्यांनी आणखी भार दिला. टाचा उचलल्या गेल्या. तरी हलली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आले, ते मी शाळेत असताना पाहिले होते. प्रयोग पहिल्या फटक्यात जमला की ते असेच दिसे.

"पकडतो चांगला," मी म्हटले.

"पकडतो," ते म्हणाले.

बाकीच्या गोष्टींबद्दल मात्र ते आश्चर्य वाटावे इतके उदासीन होते. सीटचे कातडे फाटून आतली स्प्रिंग वर आली होती. "राहू दे." साखळी गंजून तिचा एक कडक गोळा झाला होता. "साखळीची घाई नाही." आणि डावे पायडल तर नव्हतेच. ते माळ्यावर, कोठीत, कुठेच सापडले नाही. शेवटी मीच एक जुने पायडल सायकलवाल्याच्या टोपलीतून शोधून आणले आणि दादा दुपारचे आडवे झाले होते तेवढ्यात बसवून टाकले. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, ते उलट्या बाजूला फिरवावे लागते, हेही त्यांनीच मला कधीकाळी शिकवले होते. त्यांना आनंद होईल असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायडल खिडकीत ठेवलेले होते. काढून, पुसून.

मुकुंद दुकान उघडायला निघाला होता. त्याने खिडकीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "बघितलंस? काल लावलेलं आज काढलं. विसरायलेत, ताई. त्या डॉक्टरने सांगितलं होतं, पुढेमागे असं होईल म्हणून."

मी दादांना विचारले, "पायडल का काढलंत?"

त्यांनी खिडकीतल्या पायडलाकडे पाहिले. मग म्हणाले, "नडतं."

मी सायकल स्टँडवर चढवली, पायडल पुन्हा लावले आणि हाताने पूर्ण फिरवून पाहिले. ते चिमट्याला लागत नव्हते, स्टँडला नाही, कशालाच नाही. "कुठंच नडत नाही, दादा."

"बरं," ते म्हणाले.

संध्याकाळी पायडल पुन्हा खिडकीत होते. मी ते मनात नोंदवून ठेवले आणि निष्कर्ष मुकुंदचाच धरला.

त्याच सुमारास हवा भरायचा पंप नाहीसा झाला. दादांनी घर पालथे घातले. आई तांदूळ निवडत होती; तिने मान वर केली नाही.

"तू पाहिलास का पंप?"

"मी कशाला पाहू? उंदराने नेला असेल."

"उंदराची वहनक्षमता तपासावी लागेल मग," दादा म्हणाले आणि सरळ ज्वारीच्या कोठीकडे गेले. पंप ज्वारीत होता. आणताना वाटेत ते दोनदा थांबले, रोवल्यासारखे. आईने तांदळाच्या सुपात पाहत डोळे पुसले. दादांनी ते पाहिले असावे. कारण चाकात हवा त्यांनी त्या दिवशी भरली नाही, दुसऱ्या दिवशी भरली.

हवा भरल्यावर मुकुंद मला म्हणाला, "आता साखळी तेवढी राहिली. साखळी लागली की निघतील. आज फळा कर."

फळ्याची हकीकत सांगायला हवी. आमच्या व्हरांड्याच्या भिंतीवर दादांच्या शिकवण्यांसाठी केलेला एक सिमेंटचा फळा होता, आणि घरातले सगळे वाद त्याच्यावर मिटत. पद्धत अशी: ज्याचा दावा, त्याने तो एका वाक्यात वर लिहायचा. खाली रेघ. रेघेखाली एकेक पायरी. समोरच्याने हवी ती पायरी खोडून काढावी. खोडता आली नाही तर दावा मान्य करायचा, आणि मान्य केल्यावर तोंड वाकडे करायचे नाही. आईने स्वयंपाकघरात गॅस याच फळ्यावर आणला. मुलीला एकटीला पुण्यात शिकायला पाठवण्यात धोका नाही, हे मी वयाच्या सतराव्या वर्षी याच फळ्यावर सिद्ध केले, आणि दादा स्वतः मला गाडीत बसवून आले. मुकुंदला मात्र तिथे कधीच बाजी मारता आली नव्हती.

मी खडू घेतला. दादा खुर्चीत बसले. आई दारात उभी राहिली. मुकुंद तिच्या मागे.

वर लिहिले: रंगनाथ सोन्नेकर यांनी सायकल चालवणे सुरक्षित नाही.

पहिली पायरी: सायकल निघताना आणि थांबताना वेग सर्वांत कमी असतो, आणि तोल सांभाळणे त्याच क्षणी सर्वांत अवघड असते. दुसरी: त्या क्षणी पाय तत्काळ टेकावा लागतो, आणि दादांच्या पायाला आज्ञा उशिरा पोचते. तिसरी: वाचनालयाच्या वाटेवर मोठा रस्ता ओलांडावा लागतो. चौथी होती हाताची. ती मी लिहिली नाही, करून दाखवायची ठरवली. शाळेतली लाकडी पट्टी मी त्यांच्या अंगठा आणि बोटाच्या मध्ये उभी धरली आणि म्हटले, "मी सोडली की पकडा."

हा प्रयोग आठवीच्या वर्गाला दादाच करून दाखवीत. पट्टी जितकी खाली घसरून पकडली जाईल, तितका मेंदूकडून हाताकडे निरोप जायला वेळ लागला. मी पट्टी सोडली. ती बोटांमधून सबंध निसटली आणि फरशीवर पडून वाजली. बोटे त्यानंतर मिटली.

"पुन्हा कर," दादा म्हणाले. "एका निरीक्षणावर काही ठरत नाही."

मी पुन्हा केले. पुन्हा पट्टी फरशीवर.

"प्रयोग नीट केलास," ते म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातला होता. "पायऱ्याही बरोबर आहेत. कोणतीच खोडता येत नाही." मग त्यांनी फळ्याच्या वरच्या ओळीकडे बोट केले; बोट थरथरत होते. "दावा वाच."

मी वाचला.

"हाच दावा?"

"हाच."

"एवढाच? त्यात काही बदल करायचा आहे का? अजून वेळ आहे."

मला वाटले, ते वाक्यरचनेत फट शोधत आहेत. सुरक्षित म्हणजे किती सुरक्षित, असे काही. त्यांच्याकडून मी हे पुष्कळ सोसले होते. "काही बदल नाही, दादा. हाच."

ते आईकडे पाहत राहिले, मग मुकुंदकडे, मग माझ्याकडे. एक वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आले असे आज मला वाटते. पण आज वाटण्याला पुरावा नाही.

"मग सिद्ध," ते म्हणाले. "मुकुंद, सायकल देऊन टाक."

मुकुंदने ती दुसऱ्याच दिवशी गल्लीत आलेल्या भंगारवाल्याला दिली. नवे ब्रेक, ताठ केलेल्या तारा, खडूच्या रेघांसकट. दादांनी तोंड वाकडे केले नाही. फळा त्यांनी स्वतः पुसला. परतीच्या गाडीत मला गाढ झोप लागली.

*

गुढीपाडव्याला मी पुन्हा गेले तेव्हा व्हरांड्यात पोते नव्हते. दादा आतल्या खोलीत पलंगावर बसून होते. पलंगापासून मोरीपर्यंतच्या चुन्याच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला मळकट डागांची एक सलग रांग उठली होती. ते त्यांच्या तळव्यांचे ठसे होते. काठी खुंटीलाच होती.

"बाहेर पडत नाहीत," आई म्हणाली. "काझी सर आले होते दोनदा. हे झोपेचं सोंग करून पडून राहिले. सर गेल्यावर मला म्हणाले, काय सांगू त्यांना?"

म्हणून श्रीखंडाचा डबा घेऊन मी काझी सरांकडे गेले. मोइनुद्दीन काझी आमच्या शाळेत कवायत शिकवीत. त्यांची शिट्टी मला अजून स्वप्नात ऐकू येते. ते अंगणातल्या कडुलिंबाखाली बसले होते.

"ये, बेटा. सोन्नेकर सर माझ्यावर नाराज आहेत का?"

"नाही, सर."

"मग येत का नाहीत? सायकल अजून झाली नाही?"

"सायकल देऊन टाकली, सर. भंगारात."

त्यांनी डबा बाजूला ठेवला. "का?"

"चालवणं धोक्याचं होतं. मीच पटवून दिलं त्यांना. हात, पाय, रस्ता, सगळंच."

"चालवणं?" ते म्हणाले. "चालवायची कुणाला होती?"

कडुलिंबाचा मोहोर त्यांच्या टोपीवर पडत होता.

"वाचनालयातून आम्ही परत यायचो," काझी सर सांगू लागले. "एकदा रस्त्यात मला कुणी भेटलं. मी माझी सायकल सरांच्या हातात दिली आणि बोलत राहिलो. बोलणं संपवून बघतो तर सर सायकल धरून पुढे निघून गेलेले. सरळ. थांबत नाहीत, अडखळत नाहीत, सुतासारखे सरळ. मी मागून बघतच राहिलो. माझ्यासारख्या कवायतवाल्याला विचार, कदम कसा पडायला पाहिजे ते. मग रोज तसंच. सायकल त्यांच्या हातात, मी हात मागे बांधून. कुणी विचारलं तर मी सांगायचो, माझा गुडघा दुखतो, म्हणून सर ढकलतात."

"आणि दादा?"

"ते म्हणाले, काझी सर, हातात काठी असली की लोक तब्येत विचारतात. हातात सायकल असली की वेळ विचारतात. आत्ताच उतरलेला माणूस आणि आता बसणार असलेला माणूस, दोन्ही सारखेच दिसतात. मग म्हणाले, तुमची किती दिवस वापरणार, माझी माळ्यावर आहे. तोल जायला लागला तर ब्रेक दाबायचा आणि तिच्यावर रेलायचं, एवढंच. बसायचंच नाही तर साखळी कशाला? आणि चालताना पोटरीला लागतं म्हणून डावीकडचं पायडल काढून टाकणार होते." त्यांनी टोपीवरचा मोहोर झटकला. "मला वाटायचं, अजून काम बाकी असेल."

काम बाकी नव्हते. ज्या दिवशी चाकांत हवा भरली, त्या दिवशी ते पूर्ण झाले होते.

घरी आल्यावर मी हे आईला आणि मुकुंदला सांगितले. मुकुंद तिथल्या तिथे चप्पल घालायला लागला. "आत्ता आणतो. तशीच जड बघून आणतो."

"गप बस," आई म्हणाली. "दोघेही गप बसा. त्यांना कळू देऊ नका तुम्हांला कळलंय ते."

आईचे बरोबर होते. पण अर्धवट माहितीवर गप्प बसण्याची मला सवय नव्हती. मी आतल्या खोलीत गेले.

"दादा, सायकल तुम्हांला धरून चालायला हवी होती?"

ते खिडकीतून बाहेर पाहत होते. "काझी सरांनी सांगितलं."

"तुम्ही का नाही सांगितलंत? फळ्यापुढे एक वाक्य बोलला असतात तर माझा सगळा दावाच गैरलागू झाला असता."

"झाला असता."

"मग?"

"सांगितलं असतं तर ती सायकल राहिली नसती, वृंदा. काठी झाली असती. काठी आहेच की." त्यांनी खुंटीकडे पाहिले. "तुझी आई दारात उभी होती. मुकुंद होता. त्यांना सायकल चालवणारा म्हातारा चालत होता. म्हणजे चालत नव्हता, भीती वाटत होती त्याची. पण भीती वाटण्याइतका तरी होता."

"आता आणू या. आम्ही कुणी काही बोलणार नाही."

"तुम्ही बोलणार नाही," दादा म्हणाले, "हेच तर."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाटकाशी सायकलची घंटी वाजली. काझी सर सायकल हातात धरून अंगणात आले, लंगडत. "सोन्नेकर सर!" त्यांनी मैदानावरच्या आवाजात हाक दिली. "अहो, जरा बाहेर या. माझ्या चपलेचा अंगठा तुटला ऐन रस्त्यात. एवढी सायकल धरता का, मोच्याकडे जाऊन येऊ. एका हातात चप्पल, एका हातात सायकल, जमेना झालंय."

आमच्यापैकी कुणी त्यांना काही सांगितले नव्हते. हे त्यांचे त्यांनीच योजले होते.

दादा भिंत धरत व्हरांड्यात आले. पायरीशी थांबले. काझी सरांनी सायकल अगदी जवळ आणली आणि सहज, दुसरीकडे बघत, तिचे हँडल त्यांच्या हातांत दिले. दादांनी ते धरले. त्यांनी पाऊल टाकायला घेतले. ते पाऊल पडले. दुसरे पडले. पायरी उतरून, अंगण ओलांडून ते फाटकापर्यंत गेले, आणि त्या एवढ्या अंतरात ते एकदाही थांबले नाहीत. काझी सरांनी सांगितले होते तसेच, सुतासारखे.

आई तुळशीला पाणी घालत होती. कुंडी भरून पाणी खाली वाहत होते तरी ती घालत होती. मुकुंद दुकानाच्या दारात उभा राहून भिंतीवरचे कॅलेंडर वाचत होता. कुणीही दादांकडे पाहत नव्हते. मीही पाहायचे नाही म्हणून दुसरीकडे पाहिले, आणि माझी नजर काझी सरांच्या हातातल्या चपलेवर गेली.

नजर तिथेच राहिली. मोजमापाच्या धंद्यात वस्तूंच्या कडा आपोआप पाहिल्या जातात. अंगठ्याचे कातडे जिथे तुटले होते, तिथे त्याची कड सरळ होती.

दादा फाटकाशी वळले. त्यांनी आईकडे पाहिले, मुकुंदकडे पाहिले, मग माझ्याकडे. आणि मी कुठे पाहते आहे, तिकडे पाहिले.

"काझी सर," ते सावकाश म्हणाले, "झिजून तुटलेल्या कातड्याला तंतू असतात."

काझी सरांनी चप्पल उलटी करून पाहिली, जणू ती पहिल्यांदाच दिसत होती. "सर, तुम्ही विज्ञान शिकवलंत. मी कवायत शिकवली. मला त्यातलं काय कळतं?"

"ब्लेडने कापलीत?"

"बायकोच्या कात्रीने. शिव्या खाल्ल्या."

दादा हसले. मोठ्याने, अगदी पहिल्यासारखे हसले. मग त्यांनी सायकल तिथेच फाटकाशी स्टँडवर लावली. त्याला वेळ लागला. कुणीही मदतीला पुढे झाले नाही. हँडल सोडल्यावर ते पुन्हा रोवल्यासारखे उभे राहिले. काझी सर अनवाणी पायाने अंगण ओलांडून त्यांच्याजवळ गेले आणि त्यांनी आपला हात पुढे केला. लपवाछपवी न करता, हाताला धरायला. दादांनी तो धरला.

"बसा," दादा म्हणाले. "वृंदा, चहा टाक. यांचा पूर्ण कप, माझा अर्धा."

त्यानंतर दादा काही वर्षे होते. वाचनालयात ते पुन्हा गेले नाहीत. काझी सरच रोज संध्याकाळी वर्तमानपत्र घेऊन येत आणि चुका शोधायला त्यांच्यापुढे धरीत. येत ते सायकलवरूनच. पण फाटकातून आत ती त्यांनी पुन्हा कधी आणली नाही. कोपऱ्यावर नळापाशी भिंतीच्या आड, व्हरांड्यातून दिसणार नाही अशी, लावून येत.